वाचकांचे प्रश्न: तारेचे शब्द कोण मोजायचं आणि पैसे कसे लागायचे?

गेल्या अंकात पणजीच्या जुन्या पोस्टाबद्दल लिहिताना मी सहज एक वाक्य टाकलं होतं, की तारेच्या फॉर्मवर लोक आधी मजकूर लिहायचे, मग बोटांवर शब्द मोजायचे आणि मग त्यातले निम्मे खोडायचे. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आले की यावेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून सगळा कॉलम तारेलाच दिलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं घातलेली नाहीत, फक्त गावं दिलीत. कोणाचा प्रश्न राहिला असेल तर रागावू नका, जागा तेवढीच आहे.

फोंड्याहून एक निवृत्त शिक्षिका विचारतात: आमचे वडील शिक्षक होते, तार लिहिताना ते दोन शब्द जोडून एक करायचे आणि पत्त्याचे पण पैसे पडतात म्हणून पत्ता सुद्धा तोडून लिहायचे. खरंच पत्त्याचे पैसे घ्यायचे का? आणि एक शब्द म्हणजे किती अक्षरं धरायची?

बाई, वडील बरोबर होते. पण हा नियम सगळ्या काळात आणि सगळ्या देशांत सारखा नव्हता, म्हणून थोडं मागून सांगतो.

आपल्याकडे सामान्य लोकांसाठी तार सुरू झाली ती फेब्रुवारी १८५५ मध्ये. त्याआधी १८५० ला कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी प्रयोगाची लाइन ओशॉनेसी नावाच्या माणसाने टाकली होती, हा मूळचा डॉक्टर, पण ती कंपनी सरकारच्या कामाची. लोकांसाठी जो पहिला दर ठरला तो असा, की १६ शब्दांना ४०० मैलांपर्यंत १ रुपया, आणि त्या १६ मध्ये पत्ता धरलेला. म्हणजे शब्दही मोजले आणि मैलही मोजले. समजा लाइन फिरून फिरून १६०० मैलांची असली तर त्याच १६ शब्दांना ४ रुपये. १८५५ चे ४ रुपये म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको, तार तेव्हा व्यापाऱ्याची आणि साहेबाची चीज होती, तुमच्या आमच्या घरची नव्हे. आणि संध्याकाळी ६ ते सकाळी ६ या वेळात पाठवली तर दर दुप्पट!

हे रात्रीचं दुप्पट प्रकरण मला फार आवडतं, कारण पुढे हेच सगळं उलटं झालं. सुरुवातीला रात्री माणूस जागा ठेवावा लागायचा म्हणून रात्र महाग, पुढे लाइनी वाढल्या, माणसं रात्रपाळीला असायचीच, आणि तारा मात्र रात्री रिकाम्या पडून राहायला लागल्या, मग कंपन्यांच्या डोक्यात आलं की ही रिकामी रात्र स्वस्तात विकावी. अमेरिकेत वेस्टर्न युनियनने १९१० ला नाइट लेटर काढलं, दिवसा १० शब्दांना जेवढे पैसे तेवढ्यातच रात्री ५० शब्द, फक्त घरी पोचणार दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्री उशिरा स्वस्तात फोन लावायला एसटीडी बूथबाहेर रांग लावलेली पिढी हे वाचून हसेल, पण युक्ती तीच.

आता पत्ता. इंग्लंडमध्ये १८७० ला सरकारने खाजगी तार कंपन्या ताब्यात घेतल्या तेव्हा २० शब्दांना १ शिलिंग आणि पत्ता फुकट, पाठवणाऱ्याचाही आणि घेणाऱ्याचाही. लोक खुश. मग १८८५ ला दर कमी केला, १२ शब्दांना ६ पेन्स, म्हणजे अर्धा शिलिंग, सगळ्यांना वाटलं अर्धी स्वस्ताई झाली, पण त्या १२ मध्ये आता दोन्ही पत्ते मोजायचे. पत्त्यातच सात आठ शब्द गेले तर मजकुराला उरले किती ते बघा. त्यावर लोकांनी काढलेला उपाय म्हणजे रजिस्टर केलेला एका शब्दाचा पत्ता, वर्षाला १ गिनी म्हणजे २१ शिलिंग भरा आणि तुमच्या कंपनीचं नाव, रस्ता, नंबर, सगळं मिळून एकच शब्द. आपल्याकडे पण जुन्या पेढ्यांच्या लेटरहेडवर फोन नंबराच्या शेजारी 'ग्राम्स' असं छापून पुढे एक विचित्र शब्द असायचा ना, तो हाच. खाण कंपन्यांची, शिपिंग एजंटांची जुनी बिलं घरात असली तर काढून बघा, बहुतेक सापडेल.

अक्षरांचं असं आहे की देशाबाहेरच्या तारांना आंतरराष्ट्रीय नियम लागायचे. १८७५ च्या सेंट पीटर्सबर्ग परिषदेत ठरलं की युरोपातल्या तारेत १५ अक्षरांपर्यंत एक शब्द, आणि युरोपबाहेरच्या तारेला १० अक्षरांपर्यंतच, त्याच्या वर गेलात तर दुसरा शब्द लागला. पुढे साध्या भाषेसाठी बाहेरच्यांनाही १५ मिळाली. आता हे आमच्या गोव्याला कसं लागायचं बघा. पोर्तुगीजमध्ये 'आम्ही बोटीतून उतरू' याला एकच क्रियापद पुरतं, देसेंबारकारेमोस, रोमी लिपीत मोजलीत तर बरोबर १५ अक्षरं भरतात. लिस्बनहून पॅरिसला पाठवलं तर एक शब्द, आणि तोच शब्द १० अक्षरांच्या नियमाखाली आला की दोन शब्दांचे पैसे! आकड्यांना पण हिशोब होता, ५ अंकांपर्यंत एक शब्द ही पुढे रूढ झालेली पद्धत.

शब्द जोडायचं म्हणाल तर नियमात साफ लिहिलेलं, की भाषेच्या रीतीविरुद्ध जोडलेले शब्द चालणार नाहीत. म्हणजे काउंटरवरचा क्लार्क खडूस असला तर तुमचे जोडलेले दोन शब्द परत सोडवून दोनच मोजणार. पण मराठीत खरं तर वेगळी लबाडी करायची गरजच नव्हती, रोमी अक्षरांत लिहिलेल्या मराठी तारेत 'मुंबईहून' हा रीतसर एक शब्द, इंग्रजीत त्याचे दोन. तुमचे वडील शिक्षक होते असं लिहिलंय तुम्ही, त्यांना हे नक्की माहीत असणार.

म्हापशाहून: आजोबांच्या पेटीत १९५० नंतरची एक तार मिळाली, मुंबईहून दुसऱ्या एका शहरातल्या नातेवाईकांना गेलेली. सुरुवातीला नुसतंच एक्स एक्स असं आहे. कोणी फुलीसारखी खूण केलीय की चुकून छापलं गेलंय?

चुकून नाही. आपल्याकडच्या तारखात्यात एक्स एक्स ही खूण मृत्यूच्या किंवा फार गंभीर आजाराच्या बातमीला लावायचे, म्हणजे ती तार रांगेत पुढे काढायची आणि पोचवायलाही उशीर करायचा नाही. लाइनवरच्या ऑपरेटरला मजकूर वाचत बसायला नको, दोन अक्षरं बघितली की कळलं. तार वाचून बघा, कोण गेलं होतं ते बहुतेक त्यात असेल.

अशी बरीच अक्षरं होती आणि आंतरराष्ट्रीय तारेत त्यांचे पैसे पण मोजून घ्यायचे. डी म्हणजे अर्जंट, हिला सुरुवातीच्या काळात साध्या तारेच्या तिप्पट दर. आर पी म्हणजे उत्तराचे पैसे आधीच भरलेत. पी सी म्हणजे पोचल्याची खबर मला कळवा. एम पी म्हणजे ज्याच्या नावाने आहे त्याच्याच हातात द्या, शेजारी, भाटकार (म्हणजे जमीनमालक), पाद्री कोणाकडे ठेवून जाऊ नका. टी सी म्हणजे तार प्रत्येक टप्प्यावर परत उलट वाचून ताडून बघा, त्याला जास्तीचे पैसे. एफ एस म्हणजे माणूस पत्त्यावर नसला तर पुढे तो जिथे असेल तिथे पाठवा. ही अक्षरं फ्रेंचवरून आलीत, कारण आंतरराष्ट्रीय तारेचा कारभार फ्रेंचमध्ये चालायचा आणि हिशोब सोन्याच्या फ्रँकमध्ये.

यातलं आर पी हे मला सगळ्यात शहाणं वाटतं. घरी तुम्ही विचारलंत 'पैसे पाठवू का' आणि समोरच्याकडे उत्तर द्यायलाच पैसे नसले तर? म्हणून उत्तराचे आधी भरायचे, समोरच्याला तारेबरोबर एक व्हाउचर मिळायचं, ते काउंटरला दिलं की उत्तर फुकट. मुंबईत धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गोंयकारांच्या सामायिक खोल्यांमध्ये, बोटीची वाट बघत राहणारी आमची तारवटी म्हणजे बोटीवर नोकरी करणारी मंडळी आणि इथली त्यांची घरं, अशा माणसांसाठी ही सोय केवढी मोठी होती विचार करा.

मडगावहून एक कॉलेजवाला विद्यार्थी: सर, फोन १८७६ लाच निघाला आणि मुंबईत १८८२ ला एक्स्चेंज पण आलं असं पुस्तकात आहे. मग त्यानंतर सव्वाशे वर्षं लोक तार कशाला पाठवत बसले? फोन करायचा ना सरळ.

बाळा, प्रश्न एकदम चांगला आहे, म्हणून उत्तर पण लांब देतो.

जानेवारी १८८२ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे टेलिफोन एक्स्चेंज उघडली हे खरं. पण कलकत्त्याच्या एक्स्चेंजला सुरुवातीला ग्राहक किती होते माहितीय? ९३. आणि हे ९३ लोक फक्त एकमेकांशीच बोलू शकायचे, त्याच शहरात. म्हणजे तो फोन एका पेढीवरून दुसऱ्या पेढीवर, ऑफिसमधून गोदीवर असा चालायचा. कलकत्त्याहून मुंबईला बोलायची सोयच नव्हती, कारण आवाज तारेतून जाताना अंतराबरोबर विरत जातो. तारेत काय होतं की डॉट आणि डॅश, करंट आहे की नाही एवढंच ओळखायचं, तो कमजोर झाला तर मध्ये रिले बसवून नव्या बॅटरीने परत ताजा करून पुढे ढकलता येतो. माणसाच्या आवाजाला असलं चालत नाही, त्याची सगळी बारीक वळणं जशीच्या तशी मोठी करावी लागतात आणि त्यासाठी व्हॅक्यूम ट्यूबचे अ‍ॅम्प्लिफायर यावे लागले. न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को फोन लागला तो १९१५ ला, आणि पहिल्या ३ मिनिटांना २० डॉलर ७० सेंट! लंडन न्यूयॉर्क रेडिओने फोन सुरू झाला जानेवारी १९२७ ला, ३ मिनिटांचे १५ पौंड. भारत इंग्लंड फोन तर त्याच्याही नंतर, १९३३ ला. समुद्रापार तार तोवर कधीचीच जात होती, अटलांटिकची केबल १८६६ ला पक्की चालू झाली आणि मुंबईहून समुद्राखालून इंग्लंडपर्यंत १८७० ला. ती पण स्वस्त नव्हती हं, १८६६ ला अटलांटिकपार कमीत कमी २० शब्द घ्यावे लागायचे आणि त्याचे २० पौंड. पण दर भराभर उतरत गेले.

कायद्यात तर गंमतच झाली. इंग्लंडमध्ये १८८० ला कोर्टात भांडण गेलं, की तारेचा मक्ता सरकारकडे आहे पण टेलिफोन ही वेगळी वस्तू आहे, तिला तो कायदा लागत नाही. कोर्टाने सांगितलं लागतो, टेलिफोन ही पण टेलिग्राफच. आपल्याकडे १८८५ चा टेलिग्राफ कायदा आला आणि त्याच्याखाली पुढे तार, लँडलाइन आणि तुझ्या हातातला मोबाइल सुद्धा चालला. आता २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्याने त्याची जागा घेतली.

पण समजा आवाज जायला लागला, तरी आणखी एक गोष्ट आहे. फोन लावायला समोर फोन लागतो. तारेला समोर काही लागत नाही, फक्त माणूस आणि त्याचा पत्ता लागतो. सांग्याला किंवा सत्तरीला एखाद्या वाड्यावर राहणाऱ्याकडे कुठला फोन? आपल्याकडे १९८० च्या दशकातसुद्धा लोकांच्या कार्डावर 'पी पी' लिहून शेजाऱ्याचा नंबर असायचा, शेजारी ओरडून बोलवायचा आणि सगळा वाडा कान लावून ऐकायचा. आणि ट्रंक कॉल म्हणजे आधी बुक करा, मग तासन्‌तास फोनजवळ बसा, ऑर्डिनरीपेक्षा अर्जंट महाग, अर्जंटपेक्षा लाइटनिंग कितीतरी महाग, मोजणी ३ मिनिटांच्या हिशोबाने, आणि त्यातली दोन मिनिटं 'हॅलो, ऐकू येतंय का' यात जायची. स्वतः नंबर फिरवून परगावी बोलायची एसटीडी सोय देशात पहिल्यांदा आली ती १९६० ला, कानपूर लखनौ दरम्यान, गोव्याच्या खेड्यापाड्यांत ती पोचेपर्यंत आणखी बरीच वर्षं गेली.

माझं स्वतःचं मत विचारशील तर फोन आणि तार यांच्यातला खरा फरक कशाचे पैसे मोजायचे यातच होता. तारेत शब्द मोजायचे म्हणून लोक शब्द वाचवायला शिकले, 'कृपया' गेलं, 'आपला' गेलं, नमस्कार गेला, क्रियापदं पण गेली. फोनमध्ये मिनिटं मोजायची म्हणून लोक भराभर बोलायला लागले आणि काय सांगायचं ते आधी चिठ्ठीवर लिहून ठेवायला लागले. आता काहीच मोजत नाहीत तर तुमचे ते व्हॉइस मेसेज सात सात मिनिटांचे येतात, ऐकवत नाहीत!

आणि दोघं काही एकमेकांचे शत्रू नव्हते. फोनोग्राम म्हणून सोय होती, ज्याच्या घरी फोन आहे त्याने तारऑफिसला फोन करून मजकूर सांगायचा, ते लिहून घेणार, पुढे तार म्हणून पाठवणार आणि पैसे फोनच्या बिलात लावणार. म्हणजे पहिले दोन मैल फोन, पुढचे पाचशे मैल तार.

चोडणहून: आमचं बेट, पणजीला जायचं तर फेरी. तार घरी आणून द्यायचे का?

प्रत्येक तारऑफिसची मोफत डिलिव्हरीची एक हद्द असायची. हद्दीच्या आत असलात तर सायकलवाला घरी येणार, बाहेर असलात तर एक तर तार साध्या टपालात टाकून पुढे जाणार, नाही तर पाठवणाऱ्याने खास माणसाचे पैसे आधी भरलेले असावे लागणार. म्हणजे मुंबईहून पणजीपर्यंत वीजेच्या वेगाने आणि पुढे पोस्टमनच्या पायाने. तुमच्यासारख्या गावांना हा फटका बसायचाच.

काणकोणहून: पोर्तुगीज काळात इथून मुंबईला तार करायची तर पैसे कशात भरायचे आणि नियम कोणाचे?

गोव्यात टपाल, तार आणि टेलिफोन पोर्तुगीज सरकारच्या खात्याकडे होतं, ब्रिटिश हिंदुस्थानच्या खात्याशी त्याचा कारभार वेगळा. पैसे रुपयातच, पण आपला रुपया वेगळा, बांको नासियोनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेच्या नोटांचा, आणि एका रुपयाचे १६ टांग, जसे तिकडे १६ आणे. मग १९५८-५९ च्या सुमारास एस्कुदो आला, १ रुपयाला ६ एस्कुदो. जुन्या लोकांना हिशोब अजून पाठ असेल.

दोन सरकारांमधून तार जायची तर आंतरराष्ट्रीय करार लागतात. पोर्तुगाल तर १८६५ च्या पॅरिस परिषदेत सही करणाऱ्या पहिल्या २० देशांमधला, म्हणजे आज ज्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेला आयटीयू म्हणतात त्याच्या जन्मापासूनचा सभासद. इंग्लंड तिथे नव्हतं, कारण तिथली तारयंत्रणा तेव्हा खाजगी कंपन्यांकडे होती, ते १८७० नंतर आलं. हे वाचून माझ्या एका मित्राला फार बरं वाटलं, त्याच्या मते पोर्तुगीज कुठेतरी इंग्रजांच्या पुढे होते एवढं तरी निघालं.

एक अजून. १८७९ च्या लंडन परिषदेत ठरलं की सांकेतिक तारेतले शब्द ८ भाषांमधून घेता येतील, आणि त्या ८ मध्ये पोर्तुगीज होती, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, इटालियन, डच, स्पॅनिश आणि लॅटिनबरोबर. मराठी, हिंदी, गुजराती अर्थात नव्हत्या. म्हणजे मुंबईतला कापसाचा गुजराती व्यापारी आपला गुप्त भाव लॅटिन शब्दात कळवत बसलेला! देवनागरी लिपीतून तार करायची सोय आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरच आली.

पुढे १९५५ मध्ये सीमा बंद झाली, गाडी बंद झाली, पणजीतली भारताची वकिलात बंद झाली, ते दिवस वेगळेच. डिसेंबर १९६१ नंतर भारताचं पोस्ट अँड टेलिग्राफ खातं आलं आणि मग आपल्यालाही तेच फॉर्म, तेच दर.

डिचोलीहून एक व्यापारी: तार चुकीची पोचली आणि धंद्यात नुकसान झालं तर खातं भरून द्यायचं का? आमच्या घरात अशी गोष्ट ऐकलीय म्हणून विचारतो.

नाही द्यायचं. १८८५ च्या कायद्याचं कलम ९ स्पष्ट होतं, की तार घेताना, पाठवताना किंवा पोचवताना कर्मचाऱ्याच्या चुकीने कोणाचं नुकसान झालं तर त्याला सरकार जबाबदार नाही. कर्मचाऱ्याने मुद्दाम तार दाबली, बदलली, मजकूर बाहेर फोडला तर त्याला तुरुंगाची तरतूद होती, पण तुमचे पैसे परत नाहीत.

यातला जगातला सगळ्यात गाजलेला खटला अमेरिकेचा. फिलाडेल्फियाचा प्रिमरोज नावाचा लोकरीचा व्यापारी, त्याने आपल्या एजंटला कोडमध्ये तार केली. कोडमध्ये 'बे' (bay) या शब्दाचा अर्थ होता 'मी विकत घेतलंय'. पोचताना झाला 'बाय' (buy). मोर्समध्ये ए म्हणजे एक डॉट एक डॅश, आणि यू म्हणजे दोन डॉट एक डॅश, एक टिंब जास्त पडलं की संपलं. एजंटला वाटलं मालक खरेदी करायला सांगतोय, तो लोकर घेत सुटला, आणि प्रिमरोजला सुमारे २० हजार डॉलरचा फटका बसला. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, निकाल १८९४ चा, आणि त्याला मिळणार किती तर तारेचा खर्च, १ डॉलर १५ सेंट. कारण काय, तर फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं होतं की महत्त्वाची तार जास्तीचे पैसे भरून परत उलट मागवून ताडून घ्या, नाही घेतलीत तर कंपनी जबाबदार नाही. त्याने ते जास्तीचे पैसे वाचवले होते.

मला विचाराल तर कोर्टाने कंपनीला फारच सोडलं. टिंब कंपनीच्या माणसाकडून पडलं आणि भुर्दंड ग्राहकाला. पण दुसरी बाजू अशी की लोकांनी स्वतःच कोडचा हट्ट धरलेला. साध्या भाषेत एखादं अक्षर चुकलं तर माणूस अंदाजाने समजून घेतो, कोडमध्ये प्रत्येक शब्दाला स्वतःचा अर्थ, चुकलेला शब्द पण कशाचा तरी अर्थ सांगतोच. आणि कोड कशासाठी, गुपितापेक्षा जास्त पैसे वाचवायला! एका शब्दात अख्खं वाक्य. मग १९०३ ला नियम सैल झाला, डिक्शनरीतला नसला तरी उच्चारता येईल असा १० अक्षरांचा शब्द चालेल म्हणाले, लगेच हुशार लोकांनी ५ अक्षरांचे कोड बनवून दोन दोन एकत्र चिकटवले, म्हणजे एका शब्दाच्या पैशात दोन वाक्यं. खाती आणि व्यापारी यांचा हा पकडापकडीचा खेळ शेवटी १९३२ ला माद्रिदच्या परिषदेत मिटला, कोडचा शब्द ५ अक्षरांचाच धरायचा पण त्याला दर कमी. तुमच्या घरची गोष्ट पण कोडच्याच घोळाची असणार असा माझा अंदाज, कधी भेटलात तर सांगा.

पेडण्याहून: लग्नाच्या शुभेच्छांच्या तारा सगळ्यांच्या एकसारख्याच कशा असायच्या?

नंबर होते ना! पोस्टात भिंतीवर यादी लावलेली असायची, तुम्ही नुसता नंबर लिहायचा, लाइनवरून नंबरच जायचा आणि पोचताना त्याचं छापील वाक्य व्हायचं. लग्नाला ८ नंबर, दीर्घ आणि सुखी वैवाहिक जीवनासाठी शुभेच्छा, आणि १६ नंबर, नवदांपत्यावर स्वर्गातून आशीर्वाद बरसोत अशा अर्थाचा. १ नंबर दिवाळीचा, २ नंबर ईदचा. खातं खुश कारण लाइनवर वेळ जात नाही, पाठवणारा खुश कारण कमी पैशात सुंदर इंग्रजी. मांडवात तारा वाचून दाखवायचे तेव्हा एकामागून एक तेच १६ नंबरचे आशीर्वाद बरसत राहायचे, तरी लोक प्रत्येक नावाला टाळ्या द्यायचे.

वास्कोहून: आता तार करता येते का? आणि घरात जुन्या तारा आहेत त्या कशा सांभाळायच्या?

देशात तार बंद झाली, शेवटचा दिवस १४ जुलै २०१३. त्याच्या दोन वर्षं आधी, मे २०११ ला, ६० वर्षांनी दर वाढवून २७ रुपयांवर नेले होते, पण तोवर एसएमएस सगळ्यांच्या हातात होता, कोण देणार २७ रुपये. लेखी पुराव्यासाठी तार करायचे ते लोक मग रजिस्टर पोस्टाकडे वळले, आणि ते रजिस्टर पण २०२५ मध्ये स्पीड पोस्टात मिसळून टाकलं.

जुन्या तारा लॅमिनेट करू नका, हात जोडून सांगतो. टेलिप्रिंटरच्या काळातल्या तारांवर मजकुराच्या कागदी पट्ट्या गोंदाने चिकटवलेल्या असतात, लॅमिनेशनच्या उष्णतेने गोंद पिवळा पडतो आणि नंतर काही केल्या सोडवता येत नाही. आपल्याकडची दमट हवा बघता घड्या उघडून सपाट ठेवा, मध्ये साधा आम्लविरहित कागद, वर पुठ्ठ्याचा खोका, आणि पावसाळ्याआधी एकदा काढून बघा वाळवी लागली नाही ना. पट्टी सुटली असेल तर सेलोटेप लावू नका, सुटी पट्टी त्याच तारेबरोबर पाकिटात ठेवा. आणि सगळ्यात आधी मोबाइलने फोटो काढून ठेवा, दोन्ही बाजूंचे, कारण मागच्या बाजूलाही शिक्का असू शकतो आणि त्यावरून तारीख कळते.